टीबीची टेस्ट बीसीजी लशीमुळे का चकते? उत्तर आहे जिवाणूंनी बाहेर सोडलेल्या प्रथिनांमध्ये

भारतात बहुतेक बाळांना जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचली जाते. क्षयरोगाच्या, म्हणजे टीबीच्या गंभीर प्रकारांपासून ही लस लहान मुलांचं रक्षण करते. पण तेच मूल मोठं झालं, घरातल्या कुणाला टीबी झाला आणि खबरदारी म्हणून त्याची त्वचेवरची टेस्ट केली, तर पेच उभा राहू शकतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर ती खऱ्या संसर्गामुळे आली की लहानपणीच्या लशीमुळे?

हा गोंधळ होतो, कारण लशीतला जिवाणू आणि टीबीचा जिवाणू एकाच कुळातले आहेत. दोघंही आपल्याभोवती बरीचशी सारखीच प्रथिनं सोडतात. आपली रोगप्रतिकारयंत्रणा जंतूला ओळखते ती मुख्यतः त्याच्या प्रथिनांवरून. प्रथिनं सारखी असली, की ओळखण्यात गल्लत होते.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी या कुळातल्या जिवाणूंची प्रथिनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कोणती प्रथिनं सगळ्यांकडे आहेत आणि कोणती मोजक्याच जिवाणूंकडे आहेत, याच्या याद्या केल्या. या तुलनेतूनच टीबीच्या नव्या टेस्ट आल्या. त्यातली एक पुण्यातल्या कंपनीची आहे. ही तुलना नेमकी काय आहे आणि तिचा रुग्णांना काय उपयोग, ते समजून घेऊया.

मायकोबॅक्टेरियाचं कुळ कोणतं?

मायकोबॅक्टेरियम या नावाखाली दोनशेच्या आसपास प्रजाती येतात. त्यातल्या बहुतेक माती आणि पाण्यात राहतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. या सगळ्यांभोवती मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचं जाड कवच असतं. काही मोजक्या प्रजाती मात्र आजार घडवतात.

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस: माणसातल्या टीबीचं मुख्य कारण. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा शोध जाहीर केला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो.

मायकोबॅक्टेरियम बोव्हिस: गाई-म्हशींमध्ये टीबी घडवतो. न तापवलेल्या दुधातून तो माणसातही येऊ शकतो.

बीसीजी: बोव्हिसचाच प्रयोगशाळेत कमजोर केलेला प्रकार.

मायकोबॅक्टेरियम लेप्री: कुष्ठरोगाचा जिवाणू. त्वचा आणि मज्जातंतूंवर हल्ला करतो.

मायकोबॅक्टेरियम मरायनम: माशांना होणाऱ्या टीबीसारख्या आजाराचं कारण. फिश टँक साफ करताना हाताला जखम असेल, तर माणसाच्या त्वचेलाही संसर्ग होतो.

मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स: बुरुली अल्सर या आजाराचं कारण. त्यात त्वचेवर मोठ्या, खोल जखमा होतात. पश्चिम आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात हा आजार आढळतो.

मायकोबॅक्टेरियम एव्हियम: पक्ष्यांमध्ये आढळतो. प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या माणसांनाही त्याचा त्रास होतो.

यातले काही जिवाणू एकमेकांच्या फार जवळचे आहेत. २००३ मध्ये बोव्हिसचा संपूर्ण जीनोम, म्हणजे जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. तो टीबीच्या जिवाणूशी ९९.९५ टक्क्यांहून अधिक जुळत होता. तरीही एक प्रामुख्याने माणसात पसरतो, तर दुसरा प्रामुख्याने गुरांमध्ये. या उरलेल्या छोट्याशा फरकाचा एक भाग बाहेर सोडलेल्या प्रथिनांमध्ये दिसतो.

जिवाणू प्रथिनं बाहेर का सोडतात?

जिवाणूच्या आत हजारो प्रकारची प्रथिनं असतात. टीबीच्या जिवाणूचा जीनोम १९९८ मध्ये पूर्ण वाचला गेला, तेव्हा त्यात सुमारे चार हजार जनुकं आढळली. त्यातल्या बहुतेक जनुकांपासून बनणारी प्रथिनं पेशीच्या आतच काम करतात. थोडीच प्रथिनं कवच ओलांडून बाहेर पडतात. त्यांना स्रवलेली प्रथिनं म्हणतात.

या प्रथिनांची कामं वेगवेगळी असतात. काही प्रथिनं जिवाणूचं स्वतःचं कवच बांधतात. अँटिजेन ८५ नावाचा तीन प्रथिनांचा गट हे काम करतो आणि तो या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जिवाणूंकडे असतो. काही प्रथिनं थेट यजमानाच्या पेशींशी झुंजतात.

टीबीचा जिवाणू फुप्फुसात शिरला, की मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात. जंतू गिळून पचवणं हेच या पेशींचं काम. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आतल्या एका पिशवीत बंद होतो आणि तिथेच मरतो. टीबीचा जिवाणू मात्र तिथे टिकून राहतो, वाढतो आणि पुढे त्या पिशवीचं आवरण फाडूनही बाहेर येतो. यासाठी त्याला बाहेर सोडलेली काही प्रथिनं लागतात.

रोगप्रतिकारयंत्रणेला जिवाणूची सर्वांत आधी दिसणारी खूणही हीच प्रथिनं असतात. जिवंत, वाढणारा जिवाणू ती सतत सोडत असतो. त्यामुळे टेस्ट बनवणारे आणि लस बनवणारे, दोघांचंही लक्ष या प्रथिनांवर असतं.

जुन्या टेस्टमध्ये अडचण काय आहे?

१८९० मध्ये कॉख यांनी टीबीच्या जिवाणूंच्या वाढीतून काढलेला एक अर्क जगापुढे आणला. त्याचं नाव ट्युबरक्युलिन. त्यांना वाटलं होतं, की हे टीबीवरचं औषध आहे. औषध म्हणून ते अपयशी ठरलं, पण एक गोष्ट लक्षात आली. टीबीचा संसर्ग झालेल्या माणसाच्या त्वचेत ते टोचलं, तर तिथे सूज येते.

१९०८ मध्ये फ्रेंच डॉक्टर शार्ल मॉन्टू यांनी हा अर्क त्वचेच्या आत टोचण्याची पद्धत रूढ केली. आज जी मॉन्टू टेस्ट केली जाते, ती हीच. हातावर कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात इंजेक्शन देतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथला टणक फुगवटा मोजतात.

पुढे अर्क शुद्ध करून त्यातला प्रथिनांचा भाग वेगळा काढण्यात आला. त्याला पीपीडी म्हणतात. पण पीपीडी म्हणजे एकच प्रथिन नव्हे. त्यात टीबीच्या जिवाणूची कितीतरी प्रथिनं एकत्र असतात आणि त्यातली बरीचशी बीसीजीकडेही असतात, माती-पाण्यातल्या निरुपद्रवी प्रजातींकडेही असतात. त्यामुळे मॉन्टू टेस्टला एवढंच सांगता येतं, की या शरीराची या कुळातल्या कुठल्यातरी जिवाणूशी गाठ पडली आहे. तो जिवाणू नेमका कोणता, हे तिला ठरवता येत नाही.

याचा फटका रुग्णाला बसतो. टेस्ट चुकून पॉझिटिव्ह आली, तर निरोगी माणसाला प्रतिबंधक उपचार सुरू होऊ शकतात. त्यात सहा महिने रोज आयसोनियाझिडची गोळी किंवा आठवड्यातून एकदा असे दोन औषधांचे बारा डोस घ्यावे लागतात. काहींच्या यकृतावर या औषधांचा परिणाम होतो. दुसरीकडे, टेस्टवर भरवसा नाही म्हणून पॉझिटिव्ह निकालाकडे दुर्लक्ष केलं, तर खरा संसर्ग निसटतो आणि पुढे आजार उफाळू शकतो.

बीसीजीने काय गमावलं?

अल्बर्ट कॅलमेट आणि कामिय गेराँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ मध्ये लील शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बोव्हिस जिवाणू वाढवायला घेतला. बटाटा, ग्लिसरीन आणि बैलाचं पित्त यांच्यावर तो वाढवायचा, काही आठवड्यांनी त्यातला थोडा उचलून नव्या बटाट्यावर टाकायचा, असं त्यांनी २३० वेळा केलं. १३ वर्षांनी त्या जिवाणूची आजार घडवण्याची ताकद गेली होती. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला लस म्हणून देण्यात आला.

जिवाणूमध्ये नेमकं काय बदललं, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर मिळायला ७५ वर्षं लागली. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बोव्हिस आणि बीसीजी यांचा डीएनए एकमेकांशी ताडून पाहिला. बीसीजीमध्ये काही तुकडे गायब होते. त्यातला एक तुकडा जगभरातल्या बीसीजीच्या सगळ्या वाणांमध्ये नव्हता. त्याला आरडी-१ असं नाव मिळालं. सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा हा तुकडा आणि त्यात नऊ जनुकं.

त्याच सुमारास कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ टीबीच्या जिवाणूने बाहेर सोडलेल्या प्रथिनांचा अभ्यास करत होते. १९९५ मध्ये त्यांनी इसॅट-६ नावाच्या एका छोट्या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. ते अवघ्या ९५ अमिनो आम्लांचं आहे, पण प्रतिकारयंत्रणा त्याला जोरदार प्रतिसाद देते. त्याचा जोडीदार सीएफपी-१० हा १०० अमिनो आम्लांचा. ही दोन्ही प्रथिनं एकमेकांना बिलगलेली असतात.

दोन्ही अभ्यास एकत्र पाहिल्यावर धागा जुळला. इसॅट-६ आणि सीएफपी-१० यांची जनुकं नेमकी आरडी-१ या तुकड्यात होती. म्हणजे ही प्रथिनं टीबीच्या जिवाणूकडे आहेत, बोव्हिसकडे आहेत, पण बीसीजीकडे नाहीत. टेस्टसाठी इतकी नेमकी खूण आधी मिळाली नव्हती.

ही प्रथिनं करतात काय?

इसॅट-६ आणि सीएफपी-१० यांना जिवाणूच्या जाड कवचातून बाहेर काढण्यासाठी खास यंत्रणा लागते. तिला ईएसएक्स-१ म्हणतात. टीबीच्या जिवाणूकडे अशा एकूण पाच यंत्रणा आहेत. आरडी-१ तुकडा गेला, तेव्हा बीसीजीची पहिली यंत्रणा मोडली.

ही यंत्रणा नसली तर काय होतं, हे दोन्ही बाजूंनी तपासलं गेलं. २००३ च्या आसपास टीबीच्या जिवाणूतून हा भाग काढून टाकल्यावर त्याची आजार घडवण्याची ताकद घटली. उलट, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बीसीजीला हा भाग परत दिल्यावर प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये तो अधिक जोमाने वाढला.

निसर्गातही असाच प्रकार घडलेला दिसतो. शेतातल्या व्होल या उंदरासारख्या प्राण्यात मायकोबॅक्टेरियम मायक्रोटी नावाचा जिवाणू आढळतो. त्याने बीसीजीपासून स्वतंत्रपणे, जवळपास याच जागचा तुकडा गमावला आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बीसीजीसोबत या जिवाणूचीही लस म्हणून चाचणी झाली होती. दोन्ही लशी परिणामकारक ठरल्या. दोघांमध्ये तेच हरवलं आहे, हे कळायला आणखी चार दशकं जावी लागली.

मात्र प्रथिनाचं जनुक असणं आणि ते प्रथिन बाहेर सोडणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळांमध्ये टीबीच्या जिवाणूचे एच३७आरव्ही आणि एच३७आरए असे दोन वाण वापरले जातात. दोघांचं मूळ एकच. पहिला आजार घडवतो, दुसरा घडवत नाही. दुसऱ्याकडे इसॅट-६ चं जनुक शाबूत आहे. पण फॉप नावाच्या नियंत्रक जनुकात एका अक्षराचा बदल झाल्यामुळे तो इसॅट-६ बाहेर सोडत नाही. २००८ मध्ये हे समोर आलं. म्हणूनच जनुकांची यादी जुळवून भागत नाही. बाहेर काय येतं, ते पाहावं लागतं.

आणखी एक मुद्दा. माती-पाण्यात राहणाऱ्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या निरुपद्रवी प्रजातीकडेही ईएसएक्स-१ यंत्रणा आहे. तिच्यात ही यंत्रणा जिवाणूंमधल्या डीएनएच्या देवाणघेवाणीशी जोडलेली आहे. त्यामुळे इसॅट-६ ला सरसकट विष म्हणता येत नाही. जुनंच हत्यार टीबीच्या जिवाणूने नव्या कामाला लावलं, असं म्हणणं अधिक योग्य ठरेल.

इतर प्रजातींमध्ये काय दिसतं?

बोव्हिस: टीबीचा जिवाणू आणि बोव्हिस यांच्यात काही प्रथिनांच्या प्रमाणाचा फरक आहे. एमपीबी-७० आणि एमपीबी-८३ ही प्रथिनं बोव्हिस भरपूर प्रमाणात तयार करतो. टीबीच्या जिवाणूकडे त्यांची जनुकं आहेत, पण प्रयोगशाळेत वाढवताना तो ती फारच कमी बनवतो. टीबीच्या जिवाणूत या जनुकांवर एका प्रथिनाचा लगाम असतो. बोव्हिसमध्ये तो लगाम निकामी झाला आहे.

लेप्री: कुष्ठरोगाच्या जिवाणूने आपला पसारा प्रचंड कमी केला आहे. २००१ मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला, तेव्हा फक्त सुमारे १६०० जनुकं कामाची निघाली. अकराशेहून अधिक जनुकं मोडकळीला आलेली होती. इतकं सगळं टाकूनही त्याने इसॅट-६ आणि सीएफपी-१० मात्र जपून ठेवली आहेत. त्याचं इसॅट-६ टीबीच्या इसॅट-६ शी सुमारे ३६ टक्के जुळतं.

मरायनम: याच्याकडे ईएसएक्स-१ आहे. झेब्राफिश या छोट्या, पारदर्शक माशांच्या पिल्लांमध्ये त्याचा संसर्ग थेट मायक्रोस्कोपखाली पाहता येतो. मूळच्या वडोदऱ्याच्या आणि आता केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने यावर मोठं काम केलं आहे. टीबीत शरीर जंतूंभोवती पेशींची गाठ तयार करतं. ही गाठ जंतूला कोंडून ठेवते, असा जुना समज होता. ईएसएक्स-१ असलेले जिवाणू नव्या पेशींना त्या गाठीकडे ओढून घेतात आणि त्यांच्यातच पसरतात, असं या प्रयोगांत दिसलं.

अल्सरन्स: हा मरायनमपासूनच निपजला, पण त्याने वेगळी वाट धरली. त्याच्या अनेक वाणांनी ईएसएक्स-१ चे महत्त्वाचे भाग गमावले आहेत. त्याऐवजी तो मायकोलॅक्टोन नावाचं विष सोडतो. हे प्रथिन नसून स्निग्ध पदार्थांच्या जातीचं रसायन आहे. माणसाच्या पेशी ज्या मार्गाने स्वतःची प्रथिनं बाहेर पाठवतात, तो मार्गच हे विष बंद करतं.

एव्हियम: याच्याकडे ईएसएक्स-१ नाही. त्यामुळे इसॅट-६ वर आधारलेल्या टेस्ट त्याच्यामुळे पॉझिटिव्ह येत नाहीत.

तुलना केली कशी जाते?

यासाठी जिवाणू प्रथिनं नसलेल्या द्रव माध्यमात वाढवतात. मग बारीक गाळणीतून द्रव गाळून जिवाणू वेगळे काढतात. खाली उरलेल्या द्रवात जिवाणूने सोडलेली प्रथिनं असतात. जेलवर ती आकार आणि विद्युतभारानुसार वेगळी केली, की ठिपक्यांचा नकाशा तयार होतो. दोन प्रजातींचे नकाशे शेजारी ठेवले, की कोणता ठिपका कुठे आहे आणि कुठे नाही, ते दिसतं. त्यानंतर मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्राने प्रत्येक प्रथिनाची ओळख पटवली जाते.

जुनी नावंही याच पद्धतीतून आली आहेत. एमपीटी-६४ मधला टी म्हणजे ट्युबरक्युलॉसिस आणि एमपीबी-७० मधला बी म्हणजे बोव्हिस. पुढचा आकडा हे प्रथिन जेलमध्ये किती अंतर सरकलं, त्यावरून दिलेला आहे.

हे काम सोपं नाही. टीबीच्या जिवाणूला दुप्पट व्हायला सुमारे २० तास लागतात, त्यामुळे एका प्रयोगासाठी कित्येक आठवडे जातात. दरम्यान काही जिवाणू मरून फुटतात आणि त्यांच्या आतली प्रथिनंही द्रवात मिसळतात. मग स्रवलेलं कोणतं आणि सांडलेलं कोणतं, हे ठरवणं कठीण होतं. म्हणून वाढ जोमात असतानाच, जिवाणू मरू लागण्याआधी द्रव गाळावा लागतो.

कुष्ठरोगाच्या जिवाणूची अडचण तर आणखी मोठी आहे. तो प्रयोगशाळेतल्या कोणत्याही माध्यमात वाढत नाही. त्याला आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यात किंवा उंदराच्या तळपायात वाढवावं लागतं आणि दुप्पट व्हायलाच तो सुमारे दोन आठवडे घेतो. त्यामुळे त्याच्या स्रवलेल्या प्रथिनांची माहिती बरीचशी जीनोमवरूनच काढावी लागते.

यातून कोणत्या टेस्ट आल्या?

पहिली म्हणजे इग्रा ही रक्ताची टेस्ट. क्वांटिफेरॉन आणि टी-स्पॉट या नावांनी ती मिळते. रक्ताच्या नमुन्यात इसॅट-६ आणि सीएफपी-१० चे तुकडे मिसळतात. त्या माणसाला टीबीचा संसर्ग झालेला असेल, तर त्याच्या पेशी ही प्रथिनं ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते मोजलं जातं. बीसीजीचा या टेस्टवर परिणाम होत नाही. पण तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते आणि खर्चही जास्त येतो.

दुसरी टेस्ट त्वचेवरची. मॉन्टू टेस्टसारखीच, फक्त पीपीडीऐवजी तिच्यात प्रयोगशाळेत बनवलेली इसॅट-६ आणि सीएफपी-१० टोचतात. कोपनहेगनच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली ही टेस्ट पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने सी-वाय टीबी या नावाने आणली. नावं सारखी वाटली, तरी या दोन वेगळ्या संस्था आहेत. भारतात तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रकारच्या टेस्ट वापरायला मान्यता दिली. रशिया आणि चीनमध्येही याच तत्त्वावरच्या टेस्ट आहेत. सी-वाय टीबीत ४८ ते ७२ तासांनी फुगवटा पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर निकाल पॉझिटिव्ह धरतात. बीसीजी घेतली आहे की नाही, याने त्यात फरक पडत नाही.

तिसरी टेस्ट प्रयोगशाळेच्या कामाची. रुग्णाच्या थुंकीतून जिवाणू वाढवल्यावर तो टीबीच्या गटातलाच आहे, की दुसरी एखादी प्रजाती, हे ठरवायचं असतं. त्यासाठी एमपीटी-६४ ओळखणारी पट्टी वापरतात. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीसारखीच ती असते आणि काही मिनिटांत निकाल देते.

प्रथिनांची निवड चुकली तर काय होतं, याचंही उदाहरण भारतात आहे. अनेक वर्षं खासगी लॅबमध्ये टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी पाहणाऱ्या टेस्ट सर्रास केल्या जात होत्या. त्यांचे निकाल भरवशाचे नव्हते. टीबी नसलेल्यांना पॉझिटिव्ह आणि टीबी असलेल्यांना निगेटिव्ह, असे दोन्ही प्रकार घडत होते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या टेस्ट वापरू नका, असं सांगितलं. २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली.

नव्या टेस्ट अचूक आहेत का?

जुन्यापेक्षा नेमक्या आहेत, पण त्यांनाही मर्यादा आहेत.

मायकोबॅक्टेरियम कॅन्ससाय, झुल्गाय आणि मरायनम या प्रजातींकडेही इसॅट-६ आणि सीएफपी-१० आहेत. त्यांचा संसर्ग झालेल्या माणसाची टेस्टही पॉझिटिव्ह येऊ शकते. कुष्ठरोगाचा जिवाणू आणि टीबीचा जिवाणू यांच्या इसॅट-६ मध्ये फरक असला, तरी प्रतिकारपेशी कधी कधी दोघांनाही प्रतिसाद देतात. भारतात हे दोन्ही आजार आहेत. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आणि कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. त्यामुळे हा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो.

दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे. या टेस्ट संसर्ग झाला आहे का, एवढंच सांगतात. जिवाणू शरीरात शांत पडून आहे, की आजार सुरू झाला आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करावी लागते. सीबीनॅट किंवा गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट ही यंत्रं थुंकीत थेट जिवाणूचा डीएनए शोधतात.

प्रतिकारशक्ती फार कमी झाली असेल, तर संसर्ग असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे एचआयव्हीबाधित व्यक्ती आणि टीबी रुग्णाच्या घरातली पाच वर्षांखालची मुलं यांच्याबाबत या टेस्टच्या निकालासाठी थांबत नाहीत. आजार नसल्याची खात्री करून प्रतिबंधक उपचार सुरू करतात.

गुरांसाठी याचा काय उपयोग?

गुरांमध्येही हीच अडचण आहे. गाईला एव्हियमसारख्या दुसऱ्या प्रजातीचा संसर्ग असेल, तरी ट्युबरक्युलिन टोचल्यावर सूज येते. म्हणून मानेवर शेजारी शेजारी दोन इंजेक्शनं देतात, एक बोव्हिसच्या अर्काचं आणि एक एव्हियमच्या अर्काचं. कोणती सूज मोठी, ते पाहून निर्णय घेतात. इथे प्रजातींची तुलना थेट जनावराच्या त्वचेवर होते.

अनेक देशांत बाधित जनावरं मारून टाकतात. भारतात बहुतांश राज्यांत गाईंच्या बाबतीत ते शक्य नाही. त्यामुळे गुरांना बीसीजी देण्याचा पर्याय पुढे येतो. पण लस दिली, की जुनी टेस्ट निरुपयोगी होते. त्यासाठी इसॅट-६, सीएफपी-१० आणि आरव्ही३६१५सी या तीन प्रथिनांवर आधारलेली टेस्ट विकसित केली गेली आहे. यातल्या तिसऱ्याचं जनुक बीसीजीकडे आहे. पण ते ज्या यंत्रणेतून बाहेर पडतं, ती ईएसएक्स-१ मोडलेली असल्यामुळे बीसीजी ते सोडू शकत नाही. त्यामुळे लस दिलेलं जनावर त्याला प्रतिसाद देत नाही आणि खरा संसर्ग असलेलं जनावर देतं.

मग सारखी प्रथिनं निरुपयोगी का?

अजिबात नाही. टेस्टला फरक हवा असतो, तर लशीला साम्य चालतं. बीसीजीने कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण मिळतं. मलावीतल्या कारोंगा भागात झालेल्या मोठ्या चाचणीत बीसीजीचा दुसरा डोस दिलेल्यांमध्ये कुष्ठरोगाचं प्रमाण कमी झालं. टीबीवर मात्र त्या डोसचा फायदा दिसला नाही. बोव्हिसपासून बनलेली लस लेप्रीविरुद्ध कामी येते, ती या कुळातल्या सामायिक प्रथिनांमुळे, असं मानलं जातं.

या साम्याची दुसरी बाजूही आहे. चेन्नईजवळच्या चिंगलपेट भागात १९६८ पासून लाखो लोकांवर बीसीजीची चाचणी झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून लशीने तिथे संरक्षण दिलं नाही. याची अनेक कारणं मांडली गेली. त्यातलं एक असं, की माती-पाण्यातल्या प्रजातींशी आधीच सामना झाल्यामुळे तिथल्या लोकांचं शरीर ही प्रथिनं अगोदरपासून ओळखत होतं आणि लशीला वेगळं काही शिकवण्यासारखं उरलं नाही.

नव्या लशींच्या कामात हे दोन्ही धडे वापरले जात आहेत. एमटीबीव्हॅक ही लस टीबीच्याच जिवाणूला कमजोर करून बनवली आहे. तिच्यातला जिवाणू इसॅट-६ तयार करतो, पण बाहेर सोडत नाही. एम७२ या लशीत टीबीच्या जिवाणूची दोन प्रथिनं जोडलेली आहेत. आधीच्या टप्प्यातल्या चाचणीत तिने सुप्त संसर्ग असलेल्या प्रौढांमध्ये टीबीचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी केलं होतं. २०२४ मध्ये तिची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली.

कुष्ठरोगाबाबत मात्र अजून बराच पल्ला बाकी आहे. टीबीप्रमाणे लक्षणं दिसण्याआधीच संसर्ग पकडणारी भरवशाची टेस्ट कुष्ठरोगासाठी अजून नाही. लेप्रीच्या उरलेल्या १६०० जनुकांमध्ये फक्त त्याच्याकडेच असलेलं आणि शरीर नेमकं ओळखेल असं प्रथिन शोधण्याचं काम सुरू आहे. तोपर्यंत चट्टा, त्या जागेची गेलेली संवेदना आणि जाड झालेली नस यांवरूनच डॉक्टर निदान करतात. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो लगेच दाखवणं महत्त्वाचं. कुष्ठरोगावरचे उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.